खुर्चीतला दुसरा माणूस

पाठ दुखते हे चारचौघांत बोलून दाखवू नये. दात दुखला तर लोक डॉक्टरचं नाव सुचवतात, पाठ दुखली की स्वतःच उपचार सुरू करतात. मी बोलून गेलो आणि माझ्या मित्राचे डोळे चमकले. त्याने नुकतीच मसाज चेअर घेतली होती आणि घरातली सगळी माणसं तिच्यात बसवून झाली होती.

ती खुर्ची दिवाणखान्यात ठेवली आहे असं म्हणता येत नाही, दिवाणखानाच तिच्याभोवती ठेवला आहे. पाठ मागे रेलायला जागा हवी, पाय वर उचलायला पुढे जागा हवी, म्हणून सोफ्याची रवानगी बाल्कनीत झाली. आता पाहुणे आले की एक जण चेपून घेतो आणि बाकीचे उभे राहून बघतात.

"भावोजी, घड्याळ, पाकीट, किल्ल्या, सगळं काढून ठेवा," वहिनी म्हणाल्या. "मागे यांच्या खिशात पेन राहिलं होतं." पेनाचं पुढे काय झालं ते कुणीच सांगितलं नाही.

कुणी बसू नये याची यादी मी आधी वाचून घेतली. पेसमेकर असलेले, हाडं ठिसूळ झालेले, रक्तवाहिनीत गुठळी असलेले, गरोदर स्त्रिया. बुटक्या माणसांचा उल्लेख नव्हता, म्हणून बसलो.

"यात स्वीडिश आहे, शियात्सू आहे, थाई आहे, खोलवर जोराने रगडणारं डीप टिश्यू आहे," मित्राने माहितीपत्रक न बघता म्हणून दाखवलं. सुरुवात स्वीडिशने झाली. या पद्धतीचं श्रेय बरीच वर्षं स्टॉकहोमच्या पेर हेन्रिक लिंग यांना दिलं जायचं. पण तिच्या हालचालींची नीट वर्गवारी केली ती योहान मेट्झगर या डच डॉक्टरने, आणि नावं दिली फ्रेंच. एकूण, स्वीडनच्या वाट्याला फारसं काही आलं नाही. हालचाली पाच: तळहाताने लांबवर चोळणं, स्नायू पकडून मळणं, एकाच जागी रगडणं, ठोकणं आणि थरथरवणं.

यातली पहिली खुर्चीला जमत नाही, हे मी पाठीवर घेऊन सांगतो. चोळायला हात त्वचेवरून सरकावा लागतो, आणि इथे मध्ये खुर्चीचं कापड, त्यावर माझा शर्ट. रोलर नुसते गुंडाळत वर जातात, गुंडाळत खाली येतात. मळण्याची युक्ती मात्र नामी आहे. पाठीच्या आत रुळावर एक छोटी गाडी वरखाली धावते. तिचे रोलर आसावर मुद्दाम तिरके बसवलेले असतात. आस फिरला की ते एकमेकांच्या जवळ येतात, दूर जातात, आणि मधलं मांस चिमटीत सापडतं. ठोकायला दोन्ही बाजूंचे दांडे आळीपाळीने पुढे येतात. चालू असताना बोलू नये.

"जोर कसा आहे?" मित्राने विचारलं.

"क-क-क-क-" मी म्हणालो.

"कमी आहे? वाढवतो."

यंत्राकडून अंग रगडून घ्यायची हौस जुनीच आहे. 1865 मध्ये गुस्ताव झांडर या स्वीडिश डॉक्टरने स्टॉकहोममध्ये यंत्रांनी व्यायाम आणि मर्दन देणारी संस्था काढली. त्यातली काही यंत्रं पुढे वाफेवर चालत. मसाज चेअर मात्र जपानची. 1954 मध्ये ओसाकाच्या नोबुओ फुजिमोतो यांनी सायकलची साखळी वगैरे जोडून ती बनवली आणि सार्वजनिक स्नानगृहांत ठेवली. तिथे माणूस आंघोळ करून सैल होऊन बसत असणार. मी सैल नव्हतो.

खरी भानगड शरीर मोजण्यात झाली. सुरुवातीला रोलर पाठीवरून हळूच वर चढतात आणि दाब कुठे कमी होतो ते बघून खांदे ठरवतात. कुणाची उंची किती निघेल याचा अंदाज कारखान्यात आधीच बांधलेला असतो. माझ्या बाबतीत मोजणी सुरळीत पार पडली आणि खुर्चीने माझे खांदे कानांपाशी असल्याचं जाहीर केलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मालिश माझी चाललेलीच नाही. माझ्याच जागी एक उंच, सरासरी मापाचा गृहस्थ बसलेला आहे, आणि सगळी सेवा त्याची आहे.

मग शियात्सू. जपानमध्ये तोकुजिरो नामिकोशी यांनी 1925 मध्ये होक्काइदोत याचं केंद्र काढलं. अंगठ्याने सरळ आत दाब द्यायचा, धरून ठेवायचा, हलकेच सोडायचा. खुर्चीत गाडी थांबते आणि रोलर पुढे सरसावतात, हीच 3D, 4D म्हणून विकल्या जाणाऱ्या खुर्च्यांतली तिसरी मिती. चौथी मिती म्हणजे वेग आणि लय बदलणं. (चौथी मिती काळ असते म्हणतात. तो त्या खुर्चीत जवळजवळ थांबला होता.) त्या गृहस्थाच्या मानेचा स्नायू जिथे असायला हवा, तिथे माझी कवटी होती. कुणी बंद दार ठोठवावं तसे रोलर तिच्यावर आदळत राहिले. माणसाचा अंगठा हाडाला लागला की आपोआप बाजूला सरकतो, तोंडाने "लागलं का?" असंही विचारतो. रोलरला असलं काही शिकवलेलं नसतं.

"आता झीरो ग्रॅव्हिटी," मित्र म्हणाला आणि मी आडवा झालो. 1970 च्या दशकात स्कायलॅब या अमेरिकन अंतराळस्थानकातले अंतराळवीर अंग सैल सोडलं की ज्या अवस्थेत तरंगत, तिच्यावरून ही कल्पना आल्याचं सांगतात. पाय हृदयाच्या पातळीला येतात, शरीराचा भार पाठीवर पडतो आणि रोलरना चांगली पकड मिळते. उठून पळण्याची सोयही राहत नाही, हे माहितीपत्रकात नसतं. हातापायांपर्यंत रोलर पोचत नाहीत. तिथे हवेच्या पिशव्या असतात, पंपाने फुगतात, दाबतात, रिकाम्या होतात. म्हणजे हातही अडकले. रिमोट अर्थातच मित्राकडे.

रूळ पुढे बैठकीखालीही वळतो. त्याबद्दल वहिनींच्या देखत काही बोलता आलं नाही, आत्ताही बोलत नाही.

खोटं कशाला बोलू, कंबरेपाशी मात्र सुख होतं. बैठक सगळ्यांची एकाच उंचीवर असल्यामुळे तिथे माझ्यात आणि त्या गृहस्थात फारसं अंतर नव्हतं. आमचं दोघांचं तेवढ्या भागापुरतं जमलं. ज्या दुखण्यासाठी आलो होतो ते विरघळायला लागलं, मी डोळे मिटले, आणि मित्राने थाई लावलं.

थाई मसाज 2019 पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. मूळ कलेत समोरचा माणूस कोपर, गुडघे, तळपाय आणि स्वतःचं वजन वापरून तुम्हाला ताणतो. खुर्चीला वजन कुठलं टाकता येणार? ती पिशव्यांनी पोटऱ्या आवळते, पाठ मागे सोडते आणि पाय खाली ओढते. माझे तळपाय खाली टेकतच नव्हते, पिशव्यांनी थेट गुडघे धरले. ओढलं त्या गृहस्थाला, घसरलो मी. हनुवटी छातीला टेकली. रोलर आता पार माझ्या डोक्याच्या वर, रिकाम्या गादीत, त्याचे खांदे मळत होते. मन लावून.

वहिनींनी बाल्कनीतल्या सोफ्याच्या उश्या आणून माझ्या खाली सारल्या. खांदे मापात आले, कंबर वर गेली. एक उशी काढली. कंबर आली, खांदे गेले.

"खुर्ची एकदम व्यवस्थित आहे," मित्र रिमोट न्याहाळत म्हणाला. "तूच मापात नाहीस. जरा ताठ हो बघू." आणि त्याने डीप टिश्यू लावलं.