"नवीन टायर आपोआप सेट होतात, उन्हाळ्यात हवा कमी ठेवा": हा मेसेज पुढे पाठवणं बंद करा

उन्हाळा लागल्यापासून नागपुरातल्या फॅमिली ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. वर लिहिलंय "30 वर्षं अनुभव असलेल्या मेकॅनिकचा सल्ला", नाव-गाव काही नाही. आत थोडक्यात असं: नवीन टायर टाकल्यावर गाडी उडते, दणके लागतात, स्टिअरिंग इकडेतिकडे जातं, तर घाबरू नका, नवीन रबर कडक असतं, हजार किलोमीटरमध्ये आपोआप सेट होतं. तोपर्यंत, आणि विदर्भात तर पूर्ण उन्हाळाभर, हवा कंपनीच्या आकड्यापेक्षा 8 ते 10 पीएसआयने (हवेच्या दाबाचं माप, पंपावर दिसतो तो आकडा) कमी ठेवा, नाहीतर टायर फुटेल. नवीन टायरला अलाइनमेंट (चाकांचे कोन नीट करणं) आणि बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं) लागत नाही, तो दुकानदारांचा धंदा आहे. नायट्रोजन भरा. दोनच टायर घेतले तर ते पुढे टाका. आणि शेवटी हात जोडलेले, "जीव वाचवा, सर्वांना पाठवा".

एरवी असे मेसेज मी वाचून सोडून देतो. पण हा माझ्या ताईच्या घरी पोचला, भाऊजींनी तो मनावर घेतला, आणि त्याच हवेवर समृद्धीने शिर्डीला जायची तयारी झाली. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचा स्टिकर म्हणतो 33, चारही टायरमध्ये हवा 24, मागे आई आणि दोन लेकरं, डिक्की बॅगांनी भरलेली, महिना मे. गाडीत बसायच्या आधी सहज विषय निघाला म्हणून कळलं, नाहीतर कळलंही नसतं. म्हणून राजेहो, मला हे लिहायचंच आहे, आणि सगळ्यात आधी हवेचंच लिहितो, कारण बाकी मुद्द्यांनी पैसे जातात, या मुद्द्याने माणूस जाऊ शकतो.

"उन्हात हवा वाढते म्हणून टायर फुटतो." हवा वाढते हे खरं आहे. किती वाढते ते बघा. ढोबळ हिशोब असा की दर 5-6 डिग्रीला साधारण 1 पीएसआय. सकाळी 30 डिग्रीला 33 भरली आणि हायवेवर आतली हवा 60 डिग्रीला गेली तरी आकडा 38 च्या आसपास येतो. तुमच्या टायरच्या बाजूवर बारीक अक्षरात कमाल दाब कोरलेला असतो, बहुतेक गाड्यांच्या टायरवर तो 44 किंवा 51 असतो, आणि तोही थंड टायरचा. आणि फुटायला तर त्याच्याही कितीतरी पट दाब लागतो. कंपनीने दारावर 33 लिहिताना टायर गरम होणार हे धरूनच लिहिलेलं असतं, म्हणून तर "कोल्ड" असा शब्द त्या स्टिकरवर असतो, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना मोजायची.

मग उन्हाळ्यात हायवेवर टायर जातात ते कशाने? बहुतेक वेळा हवा कमी असल्याने, किंवा जुन्या, चिरलेल्या, आधीच मार खाल्लेल्या टायरने. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते आणि परत सरळ होते. 100 च्या स्पीडला साध्या कारचं चाक सेकंदाला 14 वेळा फिरतं, म्हणजे सेकंदाला 14 वेळा तो दुमडणार. लोखंडी तार मागेपुढे वाकवत राहिलं की ती जिथे वाकते तिथे गरम होते आणि तिथेच तुटते, तसंच हे. उष्णता बाहेरून उन्हाने जेवढी येते त्यापेक्षा जास्त आतून या दुमडण्याने तयार होते, रबर आणि आतले स्टीलचे पट्टे एकमेकांपासून सुटायला लागतात, आणि मग एका क्षणी वरचा पूर्ण थर सोलून निघतो. लोक म्हणतात "उन्हाने फुटला". उन्हाने नाही जी, हवा कमी ठेवल्याने.

हे माझं मत नाही. 2000 सालच्या ऑगस्टमध्ये फायरस्टोन कंपनीला अमेरिकेत 65 लाख टायर परत बोलवावे लागले होते. बरेचसे फोर्ड एक्सप्लोरर गाडीवर बसवलेले. हायवेवर, भरलेल्या गाडीत, ॲरिझोना-टेक्सास-फ्लोरिडासारख्या गरम राज्यांत जास्त, वरचा थर सुटायचा आणि गाडी उलटायची. तिथल्या सरकारी रस्ते सुरक्षा खात्याने 271 मृत्यू या टायरांशी जोडले. आता यातला आपल्या कामाचा भाग: फोर्डने या गाडीसाठी हवा 26 सांगितली होती, आणि फायरस्टोनचं म्हणणं होतं की 30 पाहिजे. टायर बनवण्यातही दोष होता, ते नाकारत नाही, सगळा दोष हवेचा नव्हता. पण दोन मोठ्या कंपन्या जाहीरपणे भांडल्या त्या फक्त 4 पीएसआयवरून, आणि इथे एक निनावी मेसेज घरोघरी 8 ते 10 कमी करायला सांगतोय.

याच प्रकरणानंतर अमेरिकेत कायदा झाला आणि नवीन गाड्यांमध्ये हवा कमी झाली की डॅशबोर्डवर दिवा लागलाच पाहिजे असा नियम आला. दिवा कधी लागायचा? स्टिकरपेक्षा हवा 25 टक्के कमी झाली की. 33 चे 25 टक्के कमी म्हणजे पावणेपंचवीस. भाऊजींच्या गाडीत 24 होती. म्हणजे ज्या पातळीला दुसरीकडे गाडी स्वतः ओरडून धोका सांगते, त्याच्याही खाली हवा उतरवा असा हा "जीव वाचवा"वाला सल्ला आहे. हे ज्याने लिहिलं त्याला काहीच माहीत नव्हतं, आणि ज्यांनी पुढे पाठवलं त्यांनी दाराचा स्टिकर उघडून बघायचे कष्ट घेतले नाहीत.

आता भाऊजींना हे पटलं काहून, तेही सांगतो, कारण इथेच बरेच लोक फसत असतील. टायर टाकून आणल्यापासून गाडी दगडासारखी चालत होती, स्पीडब्रेकरवर दात आपटायचे. ते पंपावर हवा चेक करायला गेले तर मशीनवर 46 दिसले. भाऊजींनी म्हटलं, बघा, मेसेज बरोबर आहे, उन्हाने 33 चे 46 झाले. साफ चूक. 30 डिग्रीला भरलेले 33 वाढून 46 व्हायला आतली हवा 110 डिग्रीच्या वर जावी लागेल. पोहोचूच शकत नाही. ते 46 दुकानातच भरले होते. ट्यूबलेस टायर रिमवर बसवताना आधी हवा जास्त मारतात, तेव्हा टायरची कड "टक" करून रिममध्ये बसते. ती बसली की हवा परत स्टिकरच्या आकड्यावर आणायची असते, आणि सीझनमध्ये गर्दी असली की पोरं ते विसरतात. बस, एवढंच. दणक्यांचं कारण कडक रबर नव्हतं, 13 पीएसआय जास्तीची हवा होती. 33 केली असती तर तिथेच विषय संपला असता. पण मेसेजमुळे 46 वरून थेट 24 वर आले, गाडी मऊ वाटली, सगळ्यांना वाटलं उपाय लागू पडला. आणि स्टिअरिंग? ते आधीपेक्षा जास्त भटकायला लागलं, कारण हवा कमी असली की टायर बाजूला लवतो आणि स्टिअरिंग फिरवलेलं चाकापर्यंत उशिरा पोचतं. त्यालाही "अजून सेट व्हायचंय" म्हणून सोडून दिलं होतं.

"हजार किलोमीटरमध्ये सेट होतं" यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. नवीन टायरवर साच्यातून काढताना लावलेल्या पदार्थाचा हलका थर राहतो, पकड थोडी कमी असते. नक्षी पूर्ण 7-8 मिलीमीटर खोल असते, ते रबराचे ठोकळे थोडे हलतात, त्यामुळे घासलेल्या टायरच्या मानाने स्टिअरिंग जरा सैल वाटू शकतं. पहिले दोन-तीनशे किलोमीटर आरामात चालवा, जोरात ब्रेक मारू नका, हे टायर कंपन्याही सांगतात. आणि आपल्या शहरातल्या सिमेंट रोडवर लांब जोड असतात, जरा रुंद टायर टाकला तर चाक त्या जोडाच्या मागे जायला बघतं, ते डांबरी रस्त्यावर गेलं की थांबतं, त्यात बिघाड नाही. पण हे सगळं हलकं असतं आणि दिवसागणिक कमी होतं. हात थरथरणं, गाडी एका बाजूला ओढणं, सरळ रस्त्यावर सारखं स्टिअरिंग सावरत बसावं लागणं, हे कधीच "सेट" होत नसतं. त्याला कारण असतं आणि ते अर्ध्या तासात सापडतं.

बॅलन्सिंग लागत नाही म्हणणाऱ्याने नवीन टायर नीट पाहिलेलाच नाही. बऱ्याच नवीन टायरांच्या बाजूवर छोटा पिवळा ठिपका असतो. ती वजनाला सगळ्यात हलकी जागा, कारखान्यानेच खूण केलेली, की बाबा ही बाजू हलकी आहे, ही वॉल्व्हजवळ, म्हणजे हवा भरायच्या तोंडाजवळ ठेव. टायर बनवणाराच सांगतोय की वजन सगळीकडे सारखं नाही, आणि मेसेजवाला म्हणतो गरज नाही. 80-100 ला स्टिअरिंग थरथरत असेल तर पुढच्या चाकाचं बॅलन्सिंग, सीट थरथरत असेल तर बहुतेक मागच्या. अलॉय रिमवर चिकटवायची बॅलन्सिंगची वजनं रिम नीट न पुसता लावली तर दोन दिवसांत पडून जातात, तेही बघा. आणि कमी स्पीडलाच, 30-40 ला, गाडी वरखाली उडत असेल तर रिमच्या कडेला टायरवर जी बारीक गोल रेघ असते ती पूर्ण गोल सारख्या अंतरावर दिसते का बघा. एका ठिकाणी ती रिममध्ये घुसलेली दिसली तर टायर बसलेलाच नाही, तो उतरवून साबण लावून परत बसवायला लावा.

अलाइनमेंट दुकानदार गरज नसताना गळ्यात मारतात, हो, मारतात. पण नवीन टायरनंतर गाडी भटकत असेल तर ती गरज असते, आणि त्याच्याही आधी गाडी लिफ्टवर घेऊन टायरॉड एन्ड, बॉल जॉइंट, लोअर आर्मचे बुश, म्हणजे चाकाला स्टिअरिंगशी आणि गाडीशी जोडणारे सांधे, हलवून बघायला सांगा. भाऊजींच्या गाडीत डाव्या बाजूचा टायरॉड एन्ड हाताने खडखडत होता. जुन्या गोट्या झालेल्या टायरवर ते जाणवलं नव्हतं, नवीन टायरने पकड घेतली तसं उघडं पडलं. तो बदलला, मग अलाइनमेंट केलं. ढिल्या जॉइंटवर अलाइनमेंट केलं तर ते दुकानाच्या बाहेर टिकत नाही, पैसे पाण्यात.

गाडी एकाच बाजूला ओढत असेल तर अजून एक सोपी तपासणी आहे. पुढची दोन चाकं आपसात बदला. ओढायची बाजू बदलली तर दोष टायरात, वॉरंटीत द्या. नाही बदलली तर अलाइनमेंट किंवा एखादा ब्रेक अडकतोय. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र डावं-उजवं करू नका.

नायट्रोजनचं फार लिहीत नाही. साध्या हवेत 78 टक्के तोच असतो. तो कोरडा असतो, थोडा हळू झिरपतो, फुकट मिळाला तर भरा, त्याने स्टिअरिंग सुधारत नाही. आणि दोन नवीन टायर पुढे नाही, मागे टाकायचे, पावसात मागचं चाक घसरलं की गाडी फिरते आणि साध्या ड्रायव्हरला ती सावरता येत नाही. पुढे टाकायला लोक सवयीने सांगतात.

शेवटची गोष्ट मेसेजमध्ये नाहीच, आणि ती नसणं मला सगळ्यात जास्त खटकतं. नवीन टायर बसवले म्हणजे चारही चाकं काढली होती. नट मशीनने घाईत मारलेले असतात, काही जास्त, काही कमी. 50 ते 100 किलोमीटर झाले की परत दुकानात जाऊन पान्याने नट तपासून घ्यायचे असतात. चाकाचे नट ढिले असतील तर काय होतं? स्टिअरिंग थरथरतं, गाडी भटकते, चाकातून खटखट येते. म्हणजे अगदी तीच लक्षणं जी हा मेसेज "घाबरू नका, हजार किलोमीटर चालवा" म्हणून सोडून द्यायला सांगतो. तुमच्या ओळखीत कोणी नुकतेच टायर टाकले असतील आणि गाडी विचित्र चालते म्हणत असतील तर त्यांना आजच फोन करा, आधी नट बघायला सांगा, मग थंड टायरची हवा स्टिकरप्रमाणे.