आमची हरकत

'हरकत' हा शब्द मराठीत एकटा फिरत नाही. मागे 'नाही' लागतंच. आमच्या सोसायटीच्या चेअरमनना तर 'काही हरकत नाही' हे श्वासासारखं आहे. लिफ्ट बंद पडली, काही हरकत नाही. टँकर तीन तास उशिरा आला, काही हरकत नाही. गच्चीवर लग्नाचा मांडव घालताना कुणी टाकीच्या पाइपलाच खिळा ठोकला, तेव्हासुद्धा भिजल्या शर्टाने ते हेच म्हणाले होते. त्यामुळे एका रात्री साडेअकराला सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा 'माझी तीव्र हरकत आहे' असा निरोप आला, तेव्हा बायको मला हलवून म्हणाली, "अहो, उठा. चेअरमनना बरं नसावं."

झालं होतं असं की शहराचा प्रारूप विकास आराखडा, म्हणजे कुठल्या जागेवर काय होणार याचा कच्चा नकाशा, जाहीर झाला होता, आणि कुणीतरी त्यातला आमच्या भागाचा नकाशा ग्रुपवर टाकला होता. आम्ही राहतो ठाण्यात, घोडबंदर रोडला. म्हणजे बारा महिने काहीतरी खणलं जात असलेल्या जागी. वर मेट्रोचे खांब, खाली सेवा रस्ता मुख्य रस्त्यात मिसळायचं काम, आणि या सगळ्यातून वाट काढत येणारे पाण्याचे टँकर. नकाशात आमच्या बी-विंगच्या पोटातून एक तुटक रेषा सरळ आरपार गेलेली दिसत होती. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'आपल्या बिल्डिंगमधून रस्ता जातोय. जागे व्हा.'

त्या रात्री सगळे जागे झाले. ज्यांनी वर्षभर मेंटेनन्सच्या मेसेजला उत्तर दिलं नव्हतं, तेही.

दुसऱ्या दिवसापासून माझा अभ्यास सुरू झाला, कारण मी चार ओळी लिहितो हे लोकांना ठाऊक आहे आणि अर्ज लिहायची वेळ आली की तेवढ्यापुरता मी लेखक असतो. ठाण्यात नगरपालिका १८६३ पासून आहे, महापालिका १ ऑक्टोबर १९८२ पासून. आधीचा आराखडा मंजूर झाला १९९९ मध्ये. कायदा म्हणतो, वीस वर्षांतून एकदा तो नव्याने करावा. हा कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. मी तो पहिल्यांदाच वाचला, आणि सांगतो, त्याची चाल अगदी आपल्याकडच्या ठरवून केलेल्या लग्नासारखी आहे. कलम २३ खाली आधी 'इरादा' जाहीर करायचा. मग कलम २५ खाली आत्ता जमिनीवर काय काय आहे ते पाहून घ्यायचं, हा झाला कांदेपोह्यांचा कार्यक्रम. मग कलम २६, प्रारूप प्रसिद्ध. इथे भावकीने काय ते बोलून घ्यायचं. कलम २८ खाली त्या बोलण्याची सुनावणी. आणि कलम ३१ खाली सरकारने अक्षता टाकल्या, की पुढची वीस वर्षं कुरकुर करत नांदायचं. म्हणजे हरकत घ्यायची तर मुदतीत. मंगलाष्टकं झाल्यावर मांडवात उभं राहून "हा रस्ता आम्हाला पसंत नाही" म्हणण्यात अर्थ नाही.

पंचाईत नकाशाची होती. विकास आराखडा रंगांवरून वाचतात. पिवळं ते निवासी, जांभळं ते औद्योगिक, हिरव्यात बागा. सेक्रेटरींनी त्याच्या वीस प्रती काढून आणल्या त्या काळ्या-पांढऱ्या झेरॉक्स. त्यात बाग, कारखाना आणि आमचं घर, तिन्ही सारखीच राखाडी. शिवाय ज्याने नकाशा ग्रुपवर टाकला त्याने नेमकी कडेची सूची कापली होती. कुठल्या खुणेचा अर्थ काय, हे ठरवायला आता तिसऱ्या मजल्यावरचे काका मोकळे होते. काका वखार महामंडळातून निवृत्त झालेत. नगररचनेचा त्यांचा संबंध एवढाच की त्यांच्याकडे स्टीलची फूटपट्टी आहे.

सभा पार्किंगमध्ये भरली. आमच्या पार्किंगच्या भिंतींवर गुडघ्याएवढ्या उंचीवर एक शेवाळी रेघ आहे, दरवर्षी जुलैत ती ताजी होते. तिच्याकडे पाठ करून काकांनी झेरॉक्स गाडीच्या बॉनेटवर पसरला, चष्मा कपाळावर नेला आणि फूटपट्टी लावली.

"पावणेचार मिलिमीटर."

"म्हणजे किती?"

"एकास चार हजारचा नकाशा आहे. म्हणजे पंधरा मीटर."

पावणेचार मिलिमीटर म्हणजे मुगाचा एक दाणा. त्या दाण्याखाली बी-विंगची बारा कुटुंबं, चार दुचाक्या आणि नुकताच बसवलेला एक मॉड्युलर ओटा सापडला होता.

"पण रस्ताच कशावरून?" मी विचारलं.

"तुटक रेघ म्हणजे प्रस्तावित," काका म्हणाले. "जे आहे ते सलग काढतात. जे व्हायचंय ते तुटक."

यावर कुणाला बोलता येईना, कारण तर्क बिनतोड होता. एवढ्यात ए-विंगच्या एका मुलाने मोबाइलवर मूळ नकाशा मोठा करून दाखवला. "काका, ही रेघ निळी आहे."

काकांनी क्षणभर विचार केला. "निळं म्हणजे कमर्शियल. म्हणजे कमर्शियल रस्ता आहे."

पार्किंगमध्ये चमत्कारिक शांतता पसरली. तीव्र हरकत असलेल्या माणसांच्या डोळ्यांत मी त्या घटकेला दुकानाचे गाळे पाहिले. तळमजल्याच्या वहिनींनी हळूच विचारलं, "समजा रस्ता थोडा बाजूने गेला... म्हणजे आपल्याला लागून... तर?" एकाने टीडीआर, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणारा बांधकामाचा हक्क, हा शब्द उच्चारला. दुसऱ्याने एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं त्याचं प्रमाण. सरकारी मराठीत याला 'चटई क्षेत्र निर्देशांक' म्हणतात, आणि ऐकताना वाटतं जेवायला बसायचंय. पण बी-विंगवाल्यांनी आवाज चढवला आणि हरकत पुन्हा तीव्र झाली.

पहिला सल्ला आला, नगरसेवकाकडे जा. पण तेव्हा ठाण्यात नगरसेवकच नव्हते. २०१७ ला निवडून आलेल्या १३१ जणांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आणि पुढची निवडणूक उजाडली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळपास चार वर्षं कारभार प्रशासकाकडे. आजी कुणी नाही, नुसते माजी आणि भावी. आमच्याकडे दोघंही येऊन गेले. माजी म्हणाले, "मी असतो तर ही रेघ ओढूच दिली नसती." भावी म्हणाले, "मी येतो, मग पुसू." दोघांनीही पार्किंगमध्ये फोटो काढून घेतले. भावींच्या फोटोत मागे शेवाळी रेघ आली म्हणून तो पुन्हा काढावा लागला.

मग मी अर्ज लिहिला. 'उपरोक्त विषयास अनुसरून' इथून सुरुवात केली, कारण त्याशिवाय अर्जाला अंगात सदरा घातल्यासारखं वाटत नाही. सह्यांवर दोन दिवस गेले. भाडेकरूंनी सही करायची की मालकांनी, यावर एक विशेष सभा झाली. शेवटी चौऱ्याऐंशी सह्या जोडल्या, आवक कक्षात शिक्का मारून घेतला, आणि पोचपावती चेअरमननी देवघरात ठेवली.

या धामधुमीत आणखी एका व्यक्तीने मत दिलं होतं, पण ते कुणी विचारात घेतलं नाही. आमच्या फाटकाशी सकाळी मावरं विकायला एक मावशी बसतात, शेजारच्या गावठाणातल्या. फाटकाच्या डाव्या हाताला चांगली सावली असूनही त्या कायम उजव्या हाताला उन्हात पाटी मांडतात. मी एकदा म्हटलं होतं, "मावशी, सावलीत बसा की." त्या म्हणाल्या, "तय नको. तय व्हाल हाय."

मी पाहिलं. तिथे खरंच वॉल होती, सोसायटीची कंपाउंड वॉल. तिला टेकून बसायला काय अडचण, हे मला कळलं नाही. पण इंग्रजी शब्द त्यांनी इतका सहज वापरला याचं कौतुक वाटलं.

सुनावणीचं पत्र काही महिन्यांनी आलं. आम्ही पाच जण गेलो. कायद्याप्रमाणे नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि सरकारने नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात, असं मी वाटेत सगळ्यांना सांगत होतो. स्थायी समिती नगरसेवकांची, आणि नगरसेवक नसताना ते तीन सदस्य कोण, असं सेक्रेटरींनी विचारलं. मी रिक्षाबाहेर बघितलं.

दालनाबाहेरच्या बाकांवर अख्खं शहर बसलं होतं. आपल्याला काय हवं आणि काय नको, हे इतक्या प्रामाणिकपणे बोलणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत. एका गृहस्थांची हरकत स्मशानभूमीच्या आरक्षणाला होती. "स्मशान पाहिजेच हो, शेवटी सगळ्यांनाच जायचंय," ते म्हणाले, "पण आमच्या बाल्कनीतून नको." त्यांच्या शेजारच्या बाईंना बागेचं आरक्षण हवं होतं, आणि ते त्या गृहस्थांच्या प्लॉटवर. कोपऱ्यात एक आजोबा मांडीवर सातबारा घेऊन बसले होते. त्यांच्या जमिनीवर जुन्या आराखड्यापासून खेळाच्या मैदानाचं आरक्षण. पालिका घेत नाही, विकता येत नाही, बांधता येत नाही.

"कलम १२७ आहे ना आजोबा," मी नव्या विद्येच्या भरात म्हणालो. "दहा वर्षांत घेतली नाही तर खरेदीची नोटीस देता येते. तरीही मुदतीत काही केलं नाही तर आरक्षण व्यपगत होतं."

"नोटीस माझ्या बापाने दिली होती," आजोबा म्हणाले. "बापच व्यपगत झाला."

मी पुढे बोललो नाही. पण त्यांच्याकडचा कागद बघायचा मोह आवरला नाही. घड्यांवर चिकटपट्टी लावून लावून तो सातबारा गोधडीसारखा झाला होता. त्या मैदानावर पोरं क्रिकेट खेळतात का, असं विचारल्यावर ते पहिल्यांदा हसले. "खेळतात की. मीच स्टंप ठेवायला देतो. निदान कुरण तरी होत नाही."

आमचा नंबर पुकारला गेला. आत लांब टेबल, त्यावर शहराचा खरा, रंगीत, ढाण्या नकाशा. टेबलापलीकडच्या साहेबांनी हात केला आणि कडेला उभा असलेला रचना सहायक पुढे आला. कोवळा मुलगा होता, तासभर तरी पाणी न प्यायलेला. आम्ही ठरवल्याप्रमाणे काका बोलले, चेअरमन मागे उभे राहिले आणि मी पोचपावती दाखवली.

"कुठली रेषा?" मुलाने विचारलं.

काकांनी फूटपट्टी टेकवली.

मुलाने वाकून पाहिलं. "हा रस्ता नाहीये."

आम्ही पाचही जण एकदम सैल झालो. चेअरमन मागून म्हणालेसुद्धा, "मग काही हरकत नाही."

"हा नाला आहे. तुटक रेषा म्हणजे वरून झाकलेला. येऊरच्या डोंगरातून खाडीकडे जातो." त्याने बोट फिरवलं. डोंगराशी रेघ सलग होती, महामार्गापाशी तुटक झाली, आणि पलीकडे पुन्हा सलग होऊन खाडीत गेली. अधल्यामधल्या तुटक भागावर आम्ही राहत होतो.

"प्रस्तावित?" काकांचा आवाज जरा चिरकला.

"नाही नाही, विद्यमान. जुन्या नकाशातही असणार."

"पण तिथे आमची इमारत आहे."

"हो," तो म्हणाला. डॉक्टर रिपोर्ट बघताना चष्म्यावरून पाहतात तसं त्याने आमच्याकडे पाहिलं. "ती त्याच्यावर आहे."

टेबलापलीकडच्या साहेबांनी इतका वेळ आमचा अर्ज वाचला होता. त्यांनी तो खाली ठेवला आणि अगदी सौजन्याने विचारलं, "मग आपली हरकत नेमकी कशाला आहे? नाल्याला की इमारतीला?"

परतीच्या रिक्षात कुणी बोललं नाही. कापूरबावडीच्या सिग्नलला सेक्रेटरी एकदाच म्हणाले, "ग्रुपवर काही टाकू नका."

फाटकाशी मावशी पाटी आवरत होत्या. मी त्यांच्या शेजारी उकिडवा बसलो. "मावशी, तो व्हाल म्हणजे..."

"व्हाल. पान्याचा." डाव्या बाजूच्या सावलीकडे त्यांनी हात केला. "आमी बारके व्हतो तवा यय चिंबोऱ्या पकरायचो." मग बी-विंगकडे पाहून म्हणाल्या, "यो तुमचा जिना हाय ना, तय मोठ्या भेटायच्या."

बिल्डरने आम्हाला माहितीपत्रकात 'वॉटर बॉडीच्या सान्निध्यात' असं लिहून दिलं होतं, ते मला त्या क्षणी आठवलं. त्याला खोटं म्हणायची सोय राहिली नाही.

त्यानंतरची सभा पार्किंगमध्ये झाली नाही, चेअरमनच्या घरी झाली, दार लावून. इतिवृत्तात विषय 'पार्किंगमधील ओलावा' असा लिहिला गेला. ठराव मात्र मीच लिहिला, आणि माझ्या लेखनकारकिर्दीतलं ते सर्वांत घट्ट वाक्य आहे: 'सोसायटीने घेतलेली हरकत मागे घेण्यास कोणाचीही हरकत नाही.' सूचक काका. अनुमोदक बी-विंग. भिंतीवरच्या शेवाळी रेघेवर गडद हिरवा ऑइलपेंट मारायचं ठरलं, कमरेपर्यंत, म्हणजे पुढची दहा वर्षं बघायला नको.

रंग वाळला त्याच आठवड्यात पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट बघायला एक जोडपं आलं. नवरा गच्चीपासून मीटरपर्यंत सगळं तपासत होता. घोडबंदर रोडला घर घेणारा माणूस शेवटी जे विचारतो, ते त्यानेही विचारलं. ठाण्याला स्वतःचं धरण नाही, भातसा, स्टेम, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार दारांतून पाणी येतं आणि आमच्या टोकापर्यंत पोचता पोचता दमतं, हे त्याने वाचलं होतं.

"बाकी सगळं छान आहे," तो म्हणाला. "पण पाण्याचं कसं काय?"

सेक्रेटरींनी हिरव्या भिंतीला हलकेच पाठ टेकवली.

"पाण्याला," ते म्हणाले, "आपल्याकडे तोटा नाही."