बाळंतपण करावं, पण मस्टर बघून

दिवस राहिले की बायका आधी डॉक्टरकडे धावतात. चूक. डॉक्टर नुसती तारीख सांगतो. ती तारीख परवडणारी आहे की नाही, हे ऑफिसातल्या रजेच्या रजिस्टरला विचारावं लागतं. तेव्हा आधी एचआरकडे जा, मग सोनोग्राफीला.

तुम्ही म्हणाल, यात विचारायचं काय? २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची भरपगारी रजा १२ आठवड्यांची २६ झाली. दहा किंवा जास्त माणसं असलेलं ऑफिस आहे, तारखेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं आहे, म्हणजे हक्क पक्का. हो, तो पक्काच आहे. मॅटर्निटी ही मॅटर्निटी आणि पीएल, म्हणजे काम करून कमावलेली पगारी रजा, ही पीएल, कागदावर दोन्ही वेगळ्या. पण दोघी एकाच एक्सेल शीटमध्ये नांदतात, आणि एका चुलीवरच्या दोन जावांचं जे व्हायचं तेच होतं.

समजा तुम्ही कारखान्यात आहात. १९४८ चा कारखाने कायदा म्हणायचा, कॅलेंडरच्या वर्षात २४० दिवस भरा, मग पुढच्या वर्षी दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा. बाळंतिणीवर दया म्हणून मॅटर्निटीचे दिवसही त्या २४० मध्ये धरायचे, पण फक्त १२ आठवड्यांपर्यंत. मॅटर्निटीचा कायदा बदलून २६ वर गेला. शेजारचा हा कायदा १२ वरच बसून राहिला. दोघांची गाठ पडली नसावी.

आता पेन घ्या. ३६५ मधून ५२ रविवार गेले, सणांच्या सुट्ट्या गेल्या, २६ आठवड्यांचे कामाचे दिवस गेले. हाती उरतात दीडशेच्या आसपास. त्यात सवलतीच्या १२ आठवड्यांचे ८४ मिळवा. झाले २३४. सहा दिवस कमी पडले, बाई! दीडशे दिवस राबून कमावलेली सात-आठ दिवसांची पीएल गेली. बाळाचं पहिलं वर्ष, लसीकरण, ताप, पाळणाघराची सर्दी, हे सगळं आता बिनपगारी.

यावर उपाय आहे, आणि तो पूर्णपणे कायदेशीर आहे. बाळ २६ नोव्हेंबरला होऊ द्या.

हसू नका, हिशोब बघा. तारखेच्या आठ आठवडे आधी रजेवर जाता येतं, म्हणजे १ ऑक्टोबर. तिथून २६ आठवडे मोजले की लीप वर्ष नसेल तर बरोबर ३१ मार्च. ९२ दिवस या वर्षात, ९० पुढच्या वर्षात. रजा दोन कॅलेंडरांत वाटली गेली, दोन्हीकडे २४० आरामात भरले, पीएल वाचली. शिवाय संविधान दिनी जन्मलेलं मूल, म्हणजे मोठेपणी हक्कांबद्दल बोलायला मोकळं. यासाठी घरात जी काही तयारी करायची ती मार्चच्या पहिल्या आठवड्यात करावी लागेल. नवरा अकाउंट्समध्ये असेल तर मात्र कठीण आहे. मार्च एंडला तो घरी येतच नाही.

या योजनेत एकच खोट. गांधी जयंती, दिवाळी, नाताळ, २६ जानेवारी, शिवजयंती, बहुतेक वर्षी धुळवडसुद्धा, सगळ्या सुट्ट्या रजेच्या पोटात जातात आणि त्यांची भरपाई मिळत नाही. आपली लीव्ह सिस्टिम असं मानते की दिवाळी तुम्हीही साजरी केलीच. रात्री तीनला दूध पाजताना आकाशकंदील दिसतोच की.

रविवारचं मात्र नशीब बरं. कोइमतूरकडच्या एका मळ्यावर मजूर बाई बाळंत झाली, तेव्हा मालकाने १२ आठवड्यांचे ७२ दिवस धरून पैसे दिले. रविवारी बाळंतपण बंद असतं, असं त्यांचं मत असावं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९७७ साली ठरलं की आठवडा सात दिवसांचा असतो. त्यासाठी देशातलं सर्वोच्च न्यायालय लागलं, यावरून तुमच्या पेरोलवाल्याला किती वेळ लागेल याचा अंदाज बांधा.

पहिल्या तीन महिन्यांत उलट्या होतील. पोर्टलवर ‘लीव्ह टाइप’चा ड्रॉपडाउन उघडा. सीएल, एसएल, पीएल, कॉम्प ऑफ, एलडब्ल्यूपी. उलट्यांचा पर्याय नाही. मग बाथरूमच्या पायरीवर बसून तुम्ही मुकाट्याने आजारपणाची एसएल टाकाल, ती संपली की पीएल. गरोदरपणातून आलेल्या आजारपणासाठी कायद्यात आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा आहे, हे एचआर सांगणार नाही. तुम्हीही विचारू नका, विचारणारी बाई ‘टीम प्लेयर’ वाटत नाही. परत आल्यावर कोणीतरी म्हणेल, “मॅडम, सहा महिने सुट्टीच तर होती!” तेव्हा छान हसायचं. अप्रेझल जवळ असतं.

आता नवी कामगार संहिता आली आहे. तिच्यात २४० चे १८० झाले. म्हणजे माझी नोव्हेंबरची योजना सरकारने पाण्यात घातली. तरी एक अट जपून ठेवली आहे: मॅटर्निटीचे दिवस भरले असं धरायचं, पण त्या दिवसांवर रजा साठू द्यायची नाही. हजर आहात, पण कमावत नाही आहात. आपल्या घराघरांत बाईच्या कामाचा हिशोब असाच होतो, त्यामुळे कोणाला खटकलं नसेल.

हे सगळं टाळायचं तर केंद्र सरकारी नोकरी धरा. तिथे १८० दिवसांची रजा, अर्जित रजा मात्र जानेवारी-जुलैत पंधरा-पंधरा दिवस जमा होतच राहते. वर मूल मोठं होईपर्यंत बालसंगोपनाचे ७३० दिवस. बाबालाही पंधरा दिवस मिळतात. खाजगी कंपनीतल्या बाबासाठी कायद्यात काहीच नाही. त्याने आपल्या पीएलमधून पेढे वाटून यावं.

आणि हिशोबाचीच कटकट नको असेल, तर ऊसतोडीला जा. कोयता जोडीने उचलायचा, दिवस बुडला की खाडा, खाड्याचा दंड. पीएल नाही, सीएल नाही, लॅप्स व्हायलाही काही नाही. तिथल्या बायकांनी तर महिन्याच्या खाड्यावरही तोडगा काढला होता. बीडमध्ये एवढ्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या की २०१९ साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

तुम्ही ऑफिसवाल्या, तुम्हाला इतकं टोक गाठायची गरज नाही. जुन्या एक्सेलशी तंतोतंत जुळणारं बाळंतपण हवं असेल तर तिसरं मूल होऊ द्या. दोन मुलं हयात असली की रजाच १२ आठवड्यांची मिळते, सवलतही १२ आठवड्यांची. एक दिवस इकडचा तिकडे होत नाही.