'परत आलेला मॅनेजर फसतोच' हे खरं नाही

जळगाव-भुसावळकडच्या फुटबॉल ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबने आपल्या जुन्या मॅनेजरला, म्हणजे मुख्य प्रशिक्षक युर्गन क्लॉपला, परत आणावं का, हा वाद निघाला की कुणीतरी तो टाकतंच. म्हणणं असं: एकदा गेलेला मॅनेजर दुसऱ्यांदा कधीच यशस्वी होत नाही. पुरावा म्हणून मोरिन्हो (चेल्सी), डाल्ग्लिश (लिव्हरपूल), साकी (मिलान), अलेग्री (युव्हेंटस) ही चार नावं, आणि वर 'खरे महान मॅनेजर परत येतच नाहीत'. यावलजवळच्या मळ्यात भरीत पार्टी होती. तुराट्यांच्या जाळावर वांगी पडलेली, आणि एक मित्र तोच मेसेज वाचून दाखवत म्हणाला, "भो, इतिहास पाहा ना!" तर इतिहासच पाहू.

मोरिन्होला चेल्सीने दुसऱ्यांदाही काढलं, हे खरं. डिसेंबर २०१५मध्ये संघ सोळाव्या स्थानावर होता, १६ पैकी ९ सामने हरलेला. पण त्याच वर्षी मे महिन्यात याच माणसाने लीग जिंकून दिली होती, सबंध मोसमात फक्त ३ पराभव पत्करून. लीग कपही त्याच मोसमातला. हे मेसेजमध्ये का नाही? शिवाय पहिल्या खेपेला तो २००४मध्ये आला, दोन लीग जिंकल्या आणि चौथा मोसम सुरू होताच गेला. रियल माद्रिदमध्ये २०१०ला तो पहिल्यांदाच गेला होता, तरी तिसऱ्या मोसमात तिथेही बिनसलं. दोन-तीन वर्षांत संघाशी खटके उडणं ही त्याची जुनीच खोड आहे. परत येण्याशी तिचा संबंध नाही.

डाल्ग्लिशबद्दल आम्हा लिव्हरपूलवाल्यांना जास्त लागतं. जानेवारी २०११मध्ये तो आला तेव्हा संघ बाराव्या स्थानावर होता, मोसम संपला तेव्हा सहाव्या. पुढच्या वर्षी लीगमध्ये आठवा क्रमांक आला, त्याचा बचाव मी करणार नाही. पण २०१२चा लीग कप ही २००६नंतरची क्लबची पहिली ट्रॉफी होती, आणि एफए कपच्या फायनललाही संघ पोचला होता. याला सरळ 'फसला' म्हणणं अन्याय आहे.

साकीचं उदाहरण मात्र बरोबर आहे. १९८९ आणि १९९०चे युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) मिलानला जिंकून देणारा हा माणूस डिसेंबर १९९६मध्ये परतला, घरच्या मैदानावर युव्हेंटसकडून ६-१ हरला आणि मोसमअखेर अकरावा आला. पण व्हॅन बास्टेन, गुलिट, रायकार्ड हे तिघेही तोवर मिलानमध्ये राहिले नव्हते आणि बारेसीचं ते शेवटचं वर्ष होतं. ज्या संघाच्या जोरावर त्याची पद्धत चालली, तो संघच उरला नव्हता.

अलेग्रीने पहिल्या पाच वर्षांत युव्हेंटसला पाचच्या पाच लीग दिल्या. तो २०२१मध्ये परतला तोवर क्लब चौथ्या क्रमांकावर घसरला होता, आणि मोसम नुकताच सुरू झालेला असताना रोनाल्डो निघून गेला. २०२२-२३मध्ये क्लबच्या आर्थिक व्यवहारांपायी १० गुण कापले गेले, म्हणून सातवा क्रमांक आला. पाचपैकी पाचच्या पुढे जायला जागाच कुठे होती? परत बोलावतात ते शिखर गाठलेल्यालाच. तो क्लबमध्येच राहिला असता तरी ते शिखर दरवर्षी गाठलं असतं का? नुसती तुलना केली की उतार दिसणारच.

आता मेसेजने वगळलेली नावं. अँचेलोटीला रियलने २०१५मध्ये काढलं. २०२१मध्ये एव्हर्टनला दहाव्या क्रमांकावर सोडून तो परत आला, तेव्हा इथेही अनेकांनी 'संपलेला माणूस' म्हणून नाकं मुरडली होती. पुढच्याच मे महिन्यात चॅम्पियन्स लीगमधल्या मँचेस्टर सिटीविरुद्धच्या सेमीफायनलची ती रात्र. भारतात पहाट व्हायची होती, नव्वदाव्या मिनिटापर्यंत रियल दोन गोलांनी मागे, आणि बदली आलेल्या रोड्रिगोने दोन मिनिटांत दोन गोल मारले. मग बेन्झेमाची पेनल्टी, आणि पुढे पॅरिसमधल्या फायनलमध्ये रियलने कप जिंकला. २०२४ला पुन्हा कप, दोन लीग वेगळ्याच. क्रूस, मॉड्रिच, कार्वाहाल, बेन्झेमा त्याच्या ओळखीचे होते, तर व्हिनिशियस, रोड्रिगो, वाल्वेर्दे नव्या दमाचे. साकीच्या मिलानला नेमकं हेच मिळालं नव्हतं.

हाइंकेस तर ७२व्या वर्षी जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबला परतला. ऑक्टोबर २०१७मध्ये बायर्न ५ गुणांनी मागे होतं; लीग जिंकली ती २१ गुणांच्या आघाडीने.

आपल्याकडचं हवं असेल तर हबास घ्या. २०१४मध्ये पहिली आयएसएल (इंडियन सुपर लीग) कोलकात्याच्या क्लबला त्याने दिली, परत येऊन २०१९-२०ची दिली, आणि जानेवारी २०२४मध्ये पुन्हा येऊन, तो क्लब पुढे ज्यात विलीन झाला त्या मोहन बागानला लीग शील्ड (गुणतालिकेत पहिला येणाऱ्याची ट्रॉफी) मिळवून दिली.

राहिला 'महान परत येत नाहीत' हा मुद्दा. मँचेस्टर युनायटेडचे सर मॅट बझ्बी पद सोडल्यावर डिसेंबर १९७०मध्ये क्लब अडचणीत होता म्हणून परत आले होते. त्यांना महान म्हणायचं नाही का?

क्लॉप यावाच, असं माझं म्हणणं नाही. संघात त्याच्या पद्धतीने धावणारे किती आहेत, खेळाडू विकत घेताना त्याचा शब्द किती चालेल, हे विचारलंच पाहिजे. जानेवारी २०२४मध्ये त्याने स्वतःच सांगितलं होतं की त्याच्यातली ऊर्जा संपत चालली आहे. त्याला परत आणू नये असं म्हणणाऱ्यांचा सगळ्यात मजबूत मुद्दा हाच आहे, आणि त्या मेसेजमध्ये तो कुठेही नाही.