रात्रपाळी

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या कारखान्यात तीन पाळ्या चालतात आणि गेल्या अकरा वर्षांत मी तिन्ही भरपूर केल्यात. त्यामुळे जागरण म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे, असा माझा समज होता. चिरंजीव घरी आल्याच्या चौथ्या रात्री तो समज गेला. कारखान्यातल्या रात्रपाळीत चहा मिळतो, सकाळी दुसरा माणूस येऊन चार्ज घेतो आणि मशीन अडलं तर मेंटेनन्सवाल्याला हाक मारता येते. घरी मेंटेनन्सवाला मीच. शिवाय या मशीनबरोबर मॅन्युअल आलं नव्हतं. सल्ले आले, तेही दोन भाषांत.

पोरगा झाला जूनमध्ये. बेळगावच्या पावसात लंगोट वाळत नाही, तो फक्त जागा बदलतो: बाथरूममधून दोरीवर, दोरीवरून खुर्चीच्या पाठीवर, तिथून पंख्याखाली आणि शेवटी ओलाच बाळाच्या बुडाखाली. घरात दोऱ्याच दोऱ्या. बारशाला आलेले पाहुणे वाकत वाकत आत शिरले, त्यामुळे बाळाला सगळ्यांनी नमस्कार केल्यासारखं दिसलं. मग खानापूरकडच्या आमच्या आजीनं शेगडी पेटवली, तिच्यावर वेताचं डालगं पालथं घातलं आणि त्यावर लंगोट पसरले. शेगडी बाळ-बाळंतिणीच्या खोलीतच ठेवायची होती तिला. डॉक्टरीणबाईंनी कळल्याबरोबर फोनवरच झापलं, की बंद खोलीत कोळसा पेटवला तर वास येत नाही, दिसत नाही, पण माणूस झोपेतच जाऊ शकतो. शेगडी बाहेर सोप्यावर, म्हणजे ओसरीत गेली. बाळाला मात्र सप्टेंबरपर्यंत भाजलेल्या पापडाचा वास यायचा.

आजीचे आणि डॉक्टरीणबाईंचे असे बरेच सामने झाले. पंच मी. आजी म्हणाली, गुटीत मध घाल. बाई म्हणाल्या, वर्ष होईपर्यंत मधाचं बोटही नको, त्यातल्या जंतूंचं कोवळ्या आतड्यात विष तयार होऊ शकतं. आजी म्हणाली, "तुझ्या बापाला मी मध चाटवलाय, त्याला काय झालं?" बाबा समोरच बसले होते, म्हणून मी उत्तर दिलं नाही. आजीनं डोकं गोल होण्यासाठी राईची उशी शिवली. बाई म्हणाल्या, पहिलं वर्ष उशीच नको, बाळ सपाट गादीवर आणि पाठीवर झोपवायचं. आजीचा मान राहावा म्हणून ती उशी मी घेतो. माझं डोकं अजून होतं तसंच आहे, पण मानेला बरं वाटतं.

कोल्हापूरच्या आत्यानं सामना न खेळताच विकेट काढली. कर्नाटकात गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात तायी कार्ड देतात. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. बाळाच्या लशींची तारीख विचारायला आत्यानं फोन केला, तेव्हा बायको म्हणाली, "तायी कार्ड बघून सांगते." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग आत्या म्हणाली, "ताई कार्ड कशाला गं? मुलगा झालाय ना? दादा कार्ड माग की!"

लशींच्या रात्रींबद्दल फार लिहीत नाही. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचं इंजेक्शन झालं की त्या रात्री अंग तापतं, पोर किरकिरतं. औषध किती द्यायचं ते बाळाच्या वजनावर ठरतं आणि ते डॉक्टरनंच सांगायचं, शेजारच्या काकूंनी नाही. अशा रात्रीनंतर पहाटे साडेपाचला मी पोराला खांद्यावर टाकून टिळकवाडीतल्या व्हॅक्सीन डेपोच्या झाडांखाली फिरवलंय. एकेकाळी तिथं देवीची लस तयार व्हायची. त्या काळातले बापही पहाटे तिथंच फेऱ्या मारत असतील काय, असा विचार तेव्हा मनात यायचा. झोप कमी झाली की इतिहासात गोडी वाटायला लागते.

खरं दुखणं झोपेचंच. बाईंनी सांगितलं होतं, चार महिन्यांपासून वर्षापर्यंतचं बाळ दिवसरात्र मिळून १२ ते १६ तास झोपतं. आमचाही तेवढाच झोपायचा, खोटं कशाला बोलू. फक्त चाळीस-चाळीस मिनिटांच्या हप्त्यांनी, आणि दर हप्त्याला अर्धा तास व्याज.

झोळी तुळईला बांधलेली, बायकोच्या जुन्या इरकलीची. तिची दोरी माझ्या पायाच्या अंगठ्याला. मी खाली आडवा पडून अंगठा हलवायचा. कधी कधी मी झोपायचो आणि अंगठा हलतच राहायचा, असं बायको सांगते. बाळाला मात्र रात्रभर झोळीत ठेवायचं नव्हतं, डोळा लागला की उचलून गादीवर ठेवायचं होतं. एवढीच कामाची शेवटची पायरी, पण सगळा माल तिथंच रिजेक्ट व्हायचा. मी कारखान्यात साठ किलोची डाय बिनआवाज बसवलीय. साडेसात किलोचं पोर गादीला टेकलं की डोळे टक्क उघडे!

दोन महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की मी डोकं आधी ठेवत होतो. डोकं आधी खाली गेलं की पोराला पडल्यासारखं वाटतं, दोन्ही हात फेकतं आणि दचकून उठतं. आधी बूड टेकवायचं, मग पाठ, मग डोकं. डोक्याखालचा हात लगेच ओढायचा नाही, आधी एक एक बोट काढायचं. दुसरा हात छातीवर तसाच ठेवायचा आणि मनात शंभर मोजायचे. माझे साठाच्या पुढे कधी गेले नाहीत, कारण तोवर मला झोप लागायची, तशीच, गुडघ्यावर. सकाळी बायको म्हणायची, "नमाज पढूलाल्यासारखे दिसत होता."

तर घरात शांतता हवी, यावर सगळ्यांचं एकमत झालं. कुकर बंद, भात पातेल्यात. बेलची वायर काढली. मिक्सर फक्त पोर जागं असताना, म्हणजे चटणी चाळीस मिनिटांच्या वेळापत्रकात बसेना. दारावर पाटी लावायची ठरलं: बाळ झोपलंय, हळू बोला. आता बेळगावात पाटी म्हटलं की कुठली भाषा वर आणि कुठली खाली, हा प्रश्न आलाच. बायकोनं तो पाच मिनिटांत सोडवला, दोन्ही भाषा एकाच ओळीत लिहिल्या. उपयोग शून्य. आपल्याकडे माणूस पाटी मनात वाचत नाही. जो येईल तो दारात उभा राहून खणखणीत आवाजात वाचायचा, "बाऽळ झोपलंऽय, हऽळू बोला!" दूधवाल्याला दोन्ही भाषा येतात. तो दोन्ही वाचायचा.

त्यात अमावास्या. पौषातल्या अमावास्येला पोर दिवसभर झोपलं नाही आणि रात्री बारापर्यंत गळा काढून रडलं. पोट बघितलं, कान बघितला, हिरडीवरून बोट फिरवलं, ताप बघितला. काही नाही. आजी म्हणाली, "अवस हाय रे आज." पलीकडच्या घरातल्या कन्नड आजी, म्हणजे अव्वा आल्या, पोराच्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "दृष्टी आगैत्री." दृष्ट हा आमच्याकडे दोन्ही भाषांतला सामायिक विषय, त्यात सीमाप्रश्न नाही. आजीनं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, अव्वांनी झाडूच्या काड्या पेटवून ओवाळल्या. धुरानं पोराला खोकला आला, मग रडणं आणि खोकला आळीपाळीनं.

माघातल्या अमावास्येला तेच. मग मला राहवेना. आमच्या कारखान्यात बिघाड झाला की पाच वेळा 'का' विचारायचं, अशी पद्धत आहे. पोर रडतं का? झोप आली म्हणून. झोप आली तर झोपत नाही का? लागत नाही. अमावास्येलाच का लागत नाही? इथं तिसऱ्यालाच गाडी अडली. मग मी बिघाडाचं रजिस्टर घातल्यासारखं जुन्या कॅलेंडरवर लिहायला लागलो: किती वाजता झोपलं, किती वाजता उठलं, तेव्हा काय चाललं होतं. दहा दिवसांत एक गोष्ट दिसली. करंट गेला की पोर उठायचं. पंखा थांबल्यानं उकडत असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. पण थंडीत आम्ही पंखा लावतच नव्हतो!

ते कळलं तेव्हा मी दुपारच्या पाळीला निघालो होतो, एका पायात बूट होता. तसाच भिंतीला कान लावला.

आम्ही राहतो वडगावात. भिंतीपलीकडे अज्जांचे, म्हणजे शेजारच्या कन्नड आजोबांचे, साडीचे दोन माग. सकाळी सातपासून रात्री साडेनऊपर्यंत सूत नेणारा धोटा इकडून तिकडे, खटक-खट, खटक-खट. आम्हाला तो आवाज इतका अंगवळणी पडलेला की ऐकूच येत नाही. पण पोर पोटात असल्यापासून तेच ऐकत आलेलं. बाईंना सांगितलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, पोटात कुठं शांतता असते? आईच्या रक्ताचा, काळजाचा आवाज अखंड चालू असतो. बाळाला एकसारखा आवाज चालतो, त्याला दचकवतो तो मध्येच होणारा आणि मध्येच थांबणारा. आपण शूऽऽ शूऽऽ करतो ते उगीच नाही. करंट गेला की माग थांबतात. आणि अज्जा अमावास्येला माग लावत नाहीत, त्यांच्या घरची ती जुनी रीत.

म्हणजे आम्ही सात महिने कुकर, बेल, मिक्सर बंद करून पोराला जागं ठेवत होतो.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीत मोबाइल ठेवून मागाचा वीस मिनिटांचा आवाज भरून घेतला. बाईंनी बजावलं होतं, आवाज मोठा नको आणि बाळाच्या उशाशी तर मुळीच नको, लांब ठेवा. फाल्गुनातल्या अमावास्येला मी स्पीकर पोरापासून जेवढा लांब ठेवता येईल तेवढा लांब ठेवला, म्हणजे अज्जांच्या बाजूच्या खिडकीत. नऊ वाजता चालू केला. पोरानं डोळे चोळले, एक जांभई दिली, झोळीत तीन हेलकावे आणि खलास. बूड, पाठ, डोकं, एक एक बोट. शंभर मोजून झाले!

"बघ," आजी कुजबुजली, "मागच्या अवसेला काढलेली दृष्ट आत्ता लागू पडली."

इतक्यात दारावर टकटक. बेल काढलेली होतीच. दार उघडलं तर अज्जा बनियनवर, हातात बॅटरी. मागे त्यांचा मुलगा, त्याच्या हातात काठी. अज्जांचा चेहरा पांढराफटक. पाटी वाचायच्या मनःस्थितीत नव्हते, हे एक बरं झालं.

"ऐकूलालाय काय वो?" अज्जा म्हणाले. "माग चालूलालाय आमचा. अवसेला!" आणि त्यांनी मूठ उघडून दाखवली. "फ्यूज तर माझ्या हातात हाय की!"

मी काही न बोलता त्यांना आत घेतलं, खिडकीशी नेलं आणि स्पीकर दाखवला. अज्जांनी बॅटरीचा झोत त्यावर टाकला, मग पोरावर, मग माझ्यावर. मुलानं काठी दाराआड ठेवली. अज्जा आता शिव्या घालणार म्हणून मी तयारीत होतो. पण ते खाली बसले, स्पीकरला कान लावला आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले.

"दोन नंबरचा हाय ह्यो," शेवटी ते हळूच म्हणाले. "धोटा घासूलालाय. ह्ये कवाचं भरून घेतलंय तुमी?"