तबल्याचा हात जॅझने बिघडत नाही, दादा

परवा दादाने घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला: ‘शास्त्रीय शिकणाऱ्या मुलांना जॅझ आणि इलेक्ट्रॉनिकपासून लांब ठेवा. हात बिघडतो. जॅझला ना ताल ना नियम. आपले राग यंत्रात बसत नाहीत. घराण्याचे कलावंत या भेसळीच्या वाटेला गेले नाहीत.’ खाली, सर्व पालकांना पाठवा. त्याच रात्री अमळनेरच्या घरी भाचीचा ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम, माळ्यावर गेला. पोरगी तबल्याच्या मध्यमा प्रथम परीक्षेची तयारी करतेय, रोज पहाटे पेशकार-कायदे या तबल्याच्या रचना घासते. तिने फोन करून विचारलं, “आत्या, माझा हात खरंच बिघडला का गं?” चौदा वर्षांच्या मुलीच्या मनात ही भीती घालणाऱ्याचा मला संताप आला आहे.

म्हणून आधी हाताचंच बोलू. त्रिलोक गुर्टू. जन्म मुंबईचा, १९५१. आई ठुमरी गाणाऱ्या शोभा गुर्टू. लहानपणापासून तबला. पुढे जॅझमध्ये गेले, जॅझ गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनच्या त्रिकुटात वाजवलं, २००४ साली रॉबर्ट माइल्स या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराबरोबर अल्बम केला. त्यांचं वाजवणं एकदा बघाच. खाली गुडघ्यांवर बसतात, ड्रमच्या शेजारी तबला आणि पाण्याने भरलेली बादली. घणघणती थाळी पाण्यात बुडवली की तिचा सूर मिंडेसारखा खाली घसरतो. मध्येच तोंडाने बोल म्हणतात आणि तेच बोल ड्रमवर काढतात. जॅझने हात बिघडत असता तर इतक्या वर्षांनी ते बोल असे मोकळे निघाले असते का?

जॅझला ताल नाही म्हणे! जॅझवाले ज्यावर वाढतात तो ब्लूज बारा बारचा, म्हणजे बारा खंडांचा असतो, प्रत्येक बारमध्ये चार मात्रा. झाल्या ४८. म्हणजे सोळा मात्रांच्या तीनतालाची बरोबर तीन आवर्तनं. मी भाचीला फोनवर एक संथ ब्लूज लावून दिला आणि ठेका धरायला सांगितलं. लय झुलती आहे, दादरा तालाकडे कलते, म्हणून पहिल्यांदा ती अडखळली. दुसऱ्या खेपेला तिसरं आवर्तन संपलं, तिचा ‘धा’ पडला आणि तिकडे गाणं पुन्हा पहिल्या बारवर आलं. “आत्या, सम आली!” ओरडलीच ती. मनाला येईल तसं वाजवून सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, सापडत नाही.

राग यंत्रात बसत नाहीत, यात थोडं तथ्य आहे, मान्य करते. कीबोर्डच्या पट्ट्यांवर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) आणि श्रुती (सुरांमधले बारीक सूर) मिळत नाहीत, आणि रियाज सोडून नुसती बटणं दाबणाऱ्याचं काही होत नाही. पण चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर दहा राग वाजवून ठेवलेत. शिकागोचं ‘अॅसिड हाऊस’ हे यंत्रांवरचं नाचाचं संगीत त्यानंतरचं. आणि आपल्या खान्देशात लग्नाच्या बँडमध्ये पावरी या आदिवासी फुंकवाद्याची धून कीबोर्डवरच वाजते, तेव्हा दादा सगळ्यांच्या पुढे नाचतो.

घराण्याचं म्हणाल तर पंजाब घराण्याच्या अल्लारखाँसाहेबांनी १९६८ मध्येच जॅझ ड्रमर बडी रिचबरोबर रेकॉर्ड केली. त्यांचे चिरंजीव झाकीर हुसेन, म्हणजे झाकीरभाईंच्या ‘शक्ती’ या जॅझ-शास्त्रीय बँडला २०२४ मध्ये ग्रॅमी मिळालं. अजून काय हवं?

दादा, रविवारी येते आहे. ऑक्टोपॅड खाली काढून पुसून ठेव. ४८ मात्रा तू हातावर मोज, वाजवेल ती.