‘झूम जास्त तेवढा स्कोप भारी’: एका फॉरवर्डची उलटतपासणी

एअर रायफलवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर स्कोपबद्दल, म्हणजे रायफलीवर बसवायच्या दुर्बिणीबद्दल, एक संदेश फिरतोय. मला तो चार जणांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी ‘खरं का रे हे?’ असं खाली जोडून. मजकूर थोडक्यात असा: आठ-दहा हजारांचं बजेट असेल तर डोळे झाकून ६-२४×५० घ्या, ३-९×४० चा जमाना गेला. झूम जास्त तेवढा नेम पक्का. स्कोपची नळी ३० मिमीचीच बघा, प्रकाश जास्त येतो. नायट्रोजन भरलेला असला की पावसाळ्याची चिंता मिटली. आणि माऊंटवर, म्हणजे स्कोप रायफलीला धरून ठेवणाऱ्या पकडीवर, पैसे घालवू नका, दोनशे रुपयांचे चालतात.

नवख्यांसाठी सांगतो, ६-२४×५० म्हणजे लक्ष्य ६ ते २४ पट मोठं दिसणार आणि पुढचं भिंग ५० मिमी व्यासाचं. मी बोलतोय ते शेतावर किंवा रेंजवर, १० ते ५० मीटरवरून कागदावर नाहीतर डब्यांवर छर्रे मारणाऱ्यांसाठी. पाखरं टिपायला स्कोप हवा असेल तर आधी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा वाचा.

‘झूम जास्त तेवढा नेम पक्का’ हे कोल्हापूरच्या बाजूच्या माणसाला तरी कुणी सांगू नये. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून) कांस्यपदक जिंकलं. तिथे दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिमीचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. आणि रायफलीवर दुर्बीण लावायला नियमानेच बंदी. डोळ्यापुढे बारीक भोक, बंदुकीच्या नळीच्या टोकाला कडी, संपलं. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनची, म्हणजे पालथं पडून नेम धरण्याची, जगज्जेती झाली, तीही अशाच साइटवर.

सैन्यातलं उदाहरण हवं असेल तर द्रागुनोव ही स्नायपर रायफल घ्या. आपल्या जवानांनी ती कित्येक वर्षं वापरली. तिचा मूळचा स्कोप ४×२४, म्हणजे फक्त चार पट. आणि आपण २५ मीटरवरच्या डब्यासाठी २४ पट मागतोय!

स्कोप लक्ष्य दाखवतो, नेम आपल्यालाच धरावा लागतो. २४ पटीत लक्ष्य मोठं दिसतं तसं हाताचं थरथरणंही मोठं दिसतं. क्रॉसहेअर (स्कोपमध्ये दिसणारी नेमाची फुली) नाचायला लागतं, मग ते मधोमध आलं रे आलं की ट्रिगरला हिसका द्यायचा मोह होतो आणि छर्रा भलतीकडेच जातो. मोठ्या झूमचा खरा उपयोग फील्ड टार्गेट, म्हणजे वेगवेगळ्या अंतरांवरची लक्ष्यं टिपायचा एअर रायफलचा खेळ, खेळणाऱ्यांना होतो. ते लक्ष्य स्पष्ट होईपर्यंत फोकसचं चाक फिरवतात आणि चाकावरच्या आकड्यावरून अंतर काढतात. पण त्यांचे स्कोप आठ-दहा हजारांत येत नाहीत.

‘डोळे झाकून ६-२४×५०’ या वाक्याचा हिशेब पाचवीतल्या भागाकाराने होतो. भिंगाचा व्यास भागिले झूम म्हणजे डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी. ५० भागिले २४ म्हणजे जेमतेम २ मिमी, ४० भागिले ९ म्हणजे ४.४ मिमी. भर उन्हात आपली बाहुली तशीही दोन-तीन मिमीच असते, त्यामुळे दुकानाच्या दारात उभं राहून बघितलं तर फरक कळत नाही. दिवेलागणीला बाहुली मोठी होते, झोत मात्र दोनच मिमीचा राहतो आणि चित्र काळवंडतं. शिवाय मान जराशी हलली की चित्रच गायब.

त्याच किमतीत जास्त झूम द्यायचं तर कारखानदाराने बचत कुठे केली असेल? काचेत, काचेवरच्या लेपात आणि नेम सरकवायच्या नॉबच्या आतल्या स्क्रू-स्प्रिंगांत. खोक्यावर २४ छापायला वेगळा खर्च येत नाही.

संदेशात एका शब्दानेही नसलेली गोष्ट म्हणजे पॅरॅलॅक्स (डोळा हलला की क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकल्यासारखं दिसणं), आणि एअर रायफलला खरा फटका तिथेच बसतो. शिकारी बंदुकांसाठी बनवलेले बरेचसे स्कोप १०० यार्डांवर कायमचे जुळवलेले असतात. तसला ४० मिमीचा स्कोप २० मीटरवर वापरला आणि डोळा मधोमध न राहता पार कडेला सरकला, तर क्रॉसहेअर लक्ष्यावर दिसत असूनही नेम १५ मिमीपर्यंत चुकू शकतो. रायफल तीच, छर्रे तेच, आणि लोक नळीला दोष देतात. म्हणून पुढच्या भिंगाभोवती किंवा डाव्या बाजूला पॅरॅलॅक्सचं चाक हवं आणि ते १० मीटरपर्यंत खाली यायला हवं. मोठ्या झूमच्या स्कोपवर हे चाक बहुधा असतं, तेवढा मुद्दा मी त्या संदेशाला देऊन टाकतो. पण चाकवाला ३-९ किंवा ४-१२ सुद्धा मिळतो.

३० मिमी नळी: प्रकाश किती येणार हे पुढचं भिंग आणि काचेवरचा लेप ठरवतात. जाड नळीचा फायदा एवढाच की आतल्या भागाला हलायला जागा जास्त, म्हणून नॉब जास्त क्लिक, म्हणजे टकटक टप्पे, फिरतो. आपल्या अंतरांना २५.४ मिमीची नळी पुरते.

नायट्रोजन आतून वाफ धरू देत नाही, तेही सील शाबूत असेपर्यंत. बुरशीचं काय? रत्नागिरी-सावंतवाडीकडच्या कुठल्याही फोटोग्राफरला विचारा, ती काचेला बाहेरूनही धरते. जूनमध्ये स्कोप फोमच्या खोक्यात बंद करून दसऱ्याला उघडलात तर काचेवर जाळी दिसेल. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, एवढाच उपाय.

राहिले माऊंट. इथे मी स्वतः पैसे जाळलेत, म्हणून जरा चिडून लिहितो. स्प्रिंगवाली रायफल दोनदा हिसका देते. पिस्टन पुढे सुटताना रायफल मागे येते आणि पिस्टन टोकाला जाऊन थांबला की पुढे झटकते. साधे स्कोप मागच्या हिसक्यासाठी बांधलेले असतात, पुढच्या झटक्याने आतलं क्रॉसहेअर सैल होतं. माझा पहिला स्कोप तीनेकशे छर्ऱ्यांत खुळखुळायला लागला. दुसरा धड होता, पण स्वस्तातल्या माऊंटमुळे तोच रायफलीवरच्या ११ मिमीच्या खाचेवरून रोज थोडा थोडा मागे सरकत होता. महिनाभर मी झिरो करतोय (नेम आणि छर्रा एका जागी जुळवतोय), पुन्हा करतोय, घरचे हसतायत. शेवटी खाली स्टॉप पिन असलेला एकसंध माऊंट बसवला आणि प्रश्न मिटला. तेव्हा दहा हजारांतले दीड-दोन हजार माऊंटला ठेवा, आणि स्कोप स्प्रिंगच्या रायफलीला चालतो का हे दुकानदाराला विचारा. पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल) असेल तर हा त्रास नाही.

स्कोप हातात आला की छर्रा न मारता एक परीक्षा घेता येते. रायफल शिकंज्यात घट्ट आवळा, मोजून २५ मीटरवर सेंटीमीटरची पट्टी उभी लावा, क्रॉसहेअर शून्यावर आणा आणि वरचा नॉब ४० क्लिक फिरवा. एमओए आणि मिल ही कोनाची मापं. पाव एमओएचा क्लिक असेल तर क्रॉसहेअर ७.३ सेंटीमीटर सरकलं पाहिजे, ०.१ मिलचा असेल तर बरोबर १०. मग ४० क्लिक उलटे फिरवा. शून्यावर परत आलं नाही, तर बिल काढा आणि त्याच दिवशी दुकान गाठा.

माझ्या रायफलीवर सध्या ४-१२×४० आहे. झूमची कडी गेल्या वर्षभरात ८ च्या पुढे गेलेली नाही.